पिपरडोहची जनसुनावणी

बाहेरून कडी सरकल्याचा आवाज मला ऐकू आला, पण त्याचा अर्थ लगेच कळला नाही. वाटलं, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून कुणीतरी दार लावून घेतलं असेल. शेजारी बसलेले देवस्थळी साहेब मात्र बोलता बोलता थांबले. चष्म्यावरून त्यांनी हॉलच्या त्या टोकाकडे पाहिलं.

"उल्का, मागचं दार बघून ये गं," ते हळू आवाजात म्हणाले.

मी व्यासपीठाचा पडदा सारून मागे गेले. तिथल्या दारालाही बाहेरून कडी होती. परत येऊन मी मान हलवली, तशी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हसले. "म्हणजे आज आपलं ऐकून घेणार आहेत. चांगलं आहे."

पिपरडोह हे वर्धा नदीच्या काठचं गाव. गाव कसलं, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राची वसाहत आणि तिच्याभोवती वाढत गेलेली वस्ती. आमच्या सरकारी खात्याच्या विभागीय हवामान आराखड्याचा पहिला टप्पा याच केंद्रावर येऊन थांबला होता. केंद्रातले सगळ्यात जुने दोन संच बंद करायचे, त्यामुळे हवेत जाणारा कार्बन एवढा कमी होईल, राखेच्या तलावाच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहील, असं सगळं त्यात मांडलेलं होतं. साहेबांनी या आराखड्यासाठी कित्येक वर्षं खात्यात भांडणं केली होती. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. जनसुनावणीला कनिष्ठांना पाठवून देता आलं असतं, पण ते स्वतः आले आणि मदतीला मला घेऊन आले.

मे महिना होता. पारा सेहेचाळीसच्या वर. वसाहतीतला सांस्कृतिक हॉल मोठा होता, पण छपराला पत्रा. झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलेलं. भिंतींतून बसवलेले मोठे कूलर घोंघावत होते म्हणूनच तिथे बसणं शक्य होतं. समोर चारेकशे माणसं. पुरुष खुर्च्यांवर, बायका पुढे सतरंजीवर. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या डोक्यावर ओला पंचा.

नानाजी पिंपळशेंडे माइककडे आला. कंत्राटी कामगारांचा पुढारी. काळासावळा, रुंद खांद्यांचा, पांढरा सदरा घातलेला माणूस. त्याच्या आवाजाला माइकची गरजच नव्हती, पण बाहेर झाडाला बांधलेल्या भोंग्यांतून तो साऱ्या वसाहतीला ऐकू जायचा.

"साहेब, रागावू नोका," तो म्हणाला. "दारं आमीच लावली. जवरोक संच बंद होनार नाहीत असं लिहून देत नाही, तवरोक तुमीही इथंच, आमीही इथंच. तुमच्या आराखड्याले कोळशाची वीज नोको ना? मंग आज थोडा वेळ बिनविजेचं बसून पाहू. गोलू, काहाड रे फ्यूज!"

भोंग्यातून ते बाहेर गेलं आणि क्षणात सगळे कूलर, पंखे, दिवे बंद पडले. हॉलमध्ये हशा पिकला. शिट्ट्या झाल्या. नानाजी हसत हसत पुढचं वाक्य बोलला, पण माइक बंद पडलेला होता. त्याने त्यावर टिचकी मारली, बाजूला सारला आणि तसंच मोठ्याने बोलू लागला. त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

साहेब उठून उभे राहिले. लांब बाह्यांचा सदरा, वर टाय. त्यांनी टाय सैल केला नाही. "भांडण ऐकायलाच आलोय आम्ही," ते म्हणाले. "एकेकाने बोला."

लोक बोलू लागले. सुरुवातीला बरं चाललं होतं. हळूहळू मात्र हॉल तापत गेला. कूलरच्या वाळ्याचा वास गेला आणि घामाचा, कोंदट कपड्यांचा वास दाटला. वरच्या झरोक्यांतून येणाऱ्या उजेडात धूळ हलतसुद्धा नव्हती. बाहेर डफडं वाजत होतं, घोषणा चालल्या होत्या. साहेबांनी जिल्ह्याच्या ठिकाणी फोन लावला. तिकडून सांगितलं, लोकांना चिडवू नका, पोलिसांची कुमक निघाली आहे. ते ऐकून साहेबांचा चेहरा उतरला.

"कुमक येऊन बाहेर लाठी चालवेल," ते मला म्हणाले, "आणि आत ही एवढी माणसं."

पाण्याच्या बाटल्या संपल्या. साहेबांनी आपली बाटली पुढच्या रांगेतल्या एका बाळंतिणीला दिली होती. मी माझ्यातलं उरलेलं पाणी त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. एका तरुणाने खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. पाठोपाठ दुसऱ्याने. आत्तापर्यंत हा गर्दीचा राग माझ्या माहितीचा होता. आता त्यात दुसरंच काही मिसळत होतं आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात साहेब मला म्हणाले, "माई, गाडी लागली का?"

मी चमकून पाहिलं. माई ही त्यांची थोरली बहीण, वारून वर्षं झाली होती.

"साहेब?"

"सामान बघ. जिना उतरायचाय."

पुढच्या रांगेतून एक बाई उठून व्यासपीठावर आली. उंच, काटक, कपाळावर गोंदण. ताराबाई सिडाम, केंद्रात राख उपसायचं काम करणारी. सकाळी तिनेच आम्हाला चहा आणून दिला होता. तिने न विचारता साहेबांच्या मानेला हात लावला.

"घाम सुकला जी साहेबाचा," ती म्हणाली. "आंग भट्टीवानी तापलं. उन्ह लागलं साहेबाले. झोपवा यायले, लवकर."

आम्ही दोघींनी त्यांना पडद्यामागे, नाटकवाल्यांच्या रंगपटाच्या छोट्या खोलीत नेऊन आडवं केलं. मी नानाजीला हाक मारली.

"दार उघडा."

"लिहून द्या."

"अहो, मरतील ते!"

त्याला ते नाटक वाटलं असावं. उपकार केल्यासारखा तो आत आला, वाकला आणि साहेबांच्या कपाळाला हात लावला. चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला. साहेब त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. एक शब्द धड लागत नव्हता.

"उघडतो," नानाजी म्हणाला. "आत्ता उघडतो."

त्याने खिशातून फोन काढून बाहेरच्या गोलूला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. बाहेर डफडं एवढ्या जोरात वाजत होतं की फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या कुणाला लावला, तोही उचलेना. मग तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला.

"काय झालं?"

"माइकवरून मी सांगनार तवाच कडी काहाडजा, असं सांगून ठेवलं होतं." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पोलीस फसवतीन म्हनून. आतून कितीबी ठोकलं, कोनीबी ओरडलं, तरी उघडू नोका म्हनलं."

"मग सांगा ना माइकवरून!" मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला उमगलं.

वीज त्यानेच घालवली होती.

मी दाराकडे धावणार तोच त्याने माझं मनगट पकडलं. त्याचा हात ओला आणि थंडगार होता.

"मॅडम, थांबा. ते दार आतल्या अंगानं उघडते." तो कुजबुजत होता. "आता लोकायले वाटते का दार आपल्याच हातात हाय. एका पोट्ट्याले जरी समजलं का आपन अटकलो, तं सारे त्या दारावर जाऊन पडतीन. मंग बाहेरून कडी काहाडली तरी दार हलनार नाही. गर्दीत बाया हायेत, लेकरं हायेत." तो क्षणभर थांबला. "माह्यी मुलगीही हाय तिथं. पोटुशी हाय."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काही माणसं आधीच उठून दाराच्या बाजूला रेंगाळत होती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नव्हती.

ताराबाई साहेबांच्या छातीवर ओला पदर ठेवत होती. ती म्हणाली, "या खोलीचा कूलर खिडकीत बसवला हाय. तो बाहेर ढकलला का भोक पडते. मी निंघतो त्यातून. दोन मानसं द्या मले, बोलनारी नोको."

नानाजीने दोघांना खुणेने बोलावलं. मग माझ्याकडे वळला.

"कूलर सरकवताना आवाज येईन. लोकायचं ध्यान आपल्याकडं पाहिजे. तुमी भांडा माह्याशी."

"काय भांडू?"

"जे सकाळपासून भांडून राहिलो तेच. पन जोरात."

मी व्यासपीठावर आले. साहेबांचा कागद टेबलावर होता, तो उचलला. मी तो ओरडूनच वाचू लागले. संचांची वयं, कोळशाचा खप, राखेचं प्रमाण, वाढत जाणारा उन्हाळा. नानाजी खाली लोकांत जाऊन उभा राहिला आणि हात वर करून गरजला, "हे आमाले नोका सांगू! आमी त्या राखेतच मोठे झालो!"

दाराजवळची माणसं भांडण ऐकायला माघारी वळली. मागे पत्रा करकरला. नानाजीने त्याच क्षणी आवाज चढवला. "चाळीस वर्सं वीज कोनाले देल्ली? बोला मॅडम!"

"सगळ्या राज्याला."

सतरंजीच्या कडेला बसलेला एक म्हातारा उठला. "राख आमच्या फुप्फुसात, वीज तिकडं मुंबईच्या एसीत," तो खोकत म्हणाला. "आता पाप धुवायची येळ आली, तं तेबी आमीच धुवायचं का?"

टाळ्या पडल्या. मी उत्तर दिलं. काय दिलं ते आज आठवत नाही. माझा एक कान मागच्या खोलीकडे होता. एक माणूस खुर्चीवरून घसरून खाली पडला, त्याला दोघांनी वारा घालायला सुरुवात केली. एक मूल रडायचं थांबलं होतं आणि त्याचं ते थांबणं मला जास्त भिववत होतं.

नानाजी पुढे आला. आता आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याचे डोळे मला विनवत होते आणि तोंड भांडत होतं.

"पर्मनंट लोकायची बदली व्हते," तो म्हणाला. "ते चालले जातीन दुसरीकडं. आमचं काय व्हते? कंत्राटी मानूस कुठं लिवला हाय तुमच्या आराखड्यात?"

"आहे," मी म्हणाले. "कौशल्य विकासाचा विचार करण्यात येईल, असं लिहिलंय."

"विचार कोन करनार?"

मी हातातला कागद उलटून पाहिला.

"कवा करनार? कोन्तं कौशल्य? ताराबाई पन्नाशीची हाय, वीस वर्सं राख उपसली तिनं. तिले काय शिकवनार तुमी? अन् शिकवून कुठं लावनार?"

हे भांडण खोटं आहे हे हॉलमध्ये फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. पण हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज फाटला, आणि मला कळलं की तो आता माझ्याशी खोटं भांडत नाहीये. खात्यात शिकवलेली सगळी उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. शासन सकारात्मक आहे. समिती नेमली जाईल. त्यातलं एकही मला बोलता आलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मला माहीत नाही. ते कुणीही ठरवलेलं नाही."

अख्खा हॉल चिडीचूप झाला. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. आणि नेमक्या त्या शांततेत मागे काहीतरी धाडकन बाहेर कोसळलं.

"काय पडलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"पोलीस आले वाटते!"

"दार उघडा रे, जीव घाबरून राहिला!" एका बाईने किंकाळी फोडली. खुर्च्या सरकल्या. सगळी गर्दी एखाद्या जनावरासारखी एकदम उठली.

नानाजीने मांडी घातली. तिथेच, त्या लोकांच्या मधोमध, सतरंजीवर. "बसा," तो म्हणाला. ओरडला नाही. "मी बसलो. पोलिसाच्या भेवानं उठनार का तुमी? मॅडमचं बोलनं व्हायचं हाय अजून."

मी व्यासपीठावरून उतरले. उतरताना एक पायरी चुकली, गुडघा आपटला. मी त्याच्या समोर जाऊन खाली बसले. माझ्या मागे दोन पावलांवर ते लोक उभे होते आणि त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता. आता लोटालोट झाली असती तर सगळ्यात आधी आम्ही दोघं पायांखाली गेलो असतो.

नानाजीची मुलगी उठून आली आणि बापाच्या बाजूला बसली. मग तो खोकणारा म्हातारा बसला. मग एकेक करून बाकीचे बसू लागले.

"सांगा मॅडम," नानाजी म्हणाला. "जे माहीत हाय ते सांगा."

मी सांगत राहिले. आवाज घोगरा झाला होता. सौर प्रकल्पाला राख उपसणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी कमी माणसं लागतात, हे सांगितलं. संच आज ना उद्या बंद होणारच, आराखडा असो वा नसो, हेही सांगितलं. कुणी मधे बोललं नाही. मी दाराकडे बघत नव्हते. बघायची हिंमत नव्हती.

मग डफडं थांबलं.

दाराच्या फटीत उन्हाची एक उभी रेघ उमटली आणि रुंद होत गेली. उंबऱ्यात ताराबाई उभी होती. खिडकीतून खाली पडताना तिचा घोटा मोडला होता. ती गोलूच्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उभी होती.

"कोनी उठू नोका!" नानाजी म्हणाला. "पैले लेकरंवाल्या बाया. मंग म्हातारे. मंग बाकीचे. सावकाश."

आणि ते चारशे लोक सावकाश बाहेर गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. त्यांना वाटलं, सरकारी बाईला निरुत्तर केल्यावर नानाजीने दारं उघडायला लावली. बाहेर पडताच पोरांनी त्याला खांद्यावर उचललं, पुन्हा डफडं वाजू लागलं, गुलाल उधळला. मी साहेबांना जीपमध्ये चढवत होते. मान वळवून पाहिलं तेव्हा त्या जल्लोषाच्या वर, खांद्यांवर बसलेला नानाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

देवस्थळी साहेब शुद्धीवर आले नाहीत. जिल्ह्याच्या दवाखान्यात बर्फाच्या लाद्यांत ठेवूनही त्यांचा ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या पत्नीने मला एवढंच विचारलं, "घाबरले होते का गं ते?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं.

नानाजी स्वतःहून पोलिसांत हजर झाला. कडी कोणी घालायला सांगितली, फ्यूज कोणी काढायला लावला, सगळं त्याने आपल्यावर घेतलं. खटल्यात माझी साक्ष झाली. दारं त्यानेच बंद केली, हे मी सांगितलं. त्या दिवशी तिथे आणखी कुणी मेलं नाही तेही त्याच्यामुळेच, हेही सांगितलं. त्याला शिक्षा झाली, पण वकिलांना वाटत होती त्यापेक्षा कमी.

आराखडा पुन्हा लिहिला गेला. मी कंत्राटी कामगारांवरच्या त्या एका वाक्यासाठी प्रत्येक बैठकीत भांडत राहिले. वाक्याचं प्रकरण झालं, प्रकरणाला निधी मिळाला. त्यातलं निम्मंही धड उतरलं नाही. जुना एक संच बंद झाला, सौर प्रकल्प आला. ताराबाई तिथे पॅनल धुण्याच्या कामावर लागली, थोडी लंगडत. बरीच माणसं मात्र गाव सोडून गेली.

मागच्या हिवाळ्यात मी पिपरडोहला गेले होते. नानाजी प्रकल्पाच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवतो. केस पांढरे झालेत. मला ओळखून त्याने बाकडं पुसलं, चहा दिला आणि समोर उकिडवा बसला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. त्याचा नातू शाळेत जायला लागला होता.

मग तो एकदम म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी दार बंद हाय हे समजलं तवा मी भेलो. पन त्याहून जास्त कवा भेलो, सांगू?"

"कधी?"

"तुमी 'माहीत नाही' म्हनल्या तवा. तवरोक मले वाटे, सरकारले सारं ठाऊक हाय, फक्त आमाले सांगत नाही. भांडलं का सांगन. म्हनून भांडत होतो." तो रिकामा पेला बोटांत फिरवत राहिला. "अन् कोनालेच काही ठाऊक नव्हतं."

मी मान डोलावली. ते शब्द तोंडातून निघाले त्या क्षणापर्यंत मलाही तसंच वाटत होतं, हे त्याला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला, फाटकातून बायका बाहेर येऊ लागल्या, आणि तो घाईघाईने उठून त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायला गेला.